झाकणावरचं विमान

बायकोनं पात्याचं टोक खोक्याच्या कडेला टेकवलं, तसा चित्रकार खुर्चीतून ताडकन उठला.

"थांब! अगं, काय करतेस?"

"अजून काही केलेलं नाही," ती म्हणाली. पातं मात्र तिनं उचललं नाही. "तुम्ही हो म्हणालात की करीन."

खिडकीखालच्या टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरून तिनं खोकं त्यावर ठेवलं होतं. झाकणावर पहाटेच्या उजेडात एक भलंमोठं विमान पाणी कापत वर उठत होतं. पाण्यावर उतरणारी विमानं असत, त्यातलं. पंखांवर चार इंजिनं, पोटाखालून उसळलेले तुषार, मागे धूसर होत गेलेला धक्का. हे चित्र काढलं तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. घरी जोडायच्या खेळण्यातल्या विमानांचे सुटे भाग खोक्यात घालून विकणाऱ्या कारखान्यानं खूश होऊन पहिल्या खेपेतलं एक खोकं त्याला भेट दिलं होतं. पुढे कारखाना बंद पडला. बाकीची खोकी लोकांनी फाडली, विमानं जोडली, मोडली, फेकून दिली. हे एक तेवढं कपाटावर जुन्या चादरीत, वरच्या पातळ वेष्टणासकट जसंच्या तसं राहिलं. अशी विमानं जोडणाऱ्या छंदी मंडळाचा सचिव म्हणत होता की न उघडलेलं असं दुसरं आता कुठेच नाही.

सचिव परवाच येऊन गेला होता. मंडळाच्या प्रदर्शनात मधलं टेबल, त्यावर काचेची पेटी, पेटीत हे खोकं आणि शेजारी प्रमुख पाहुणे म्हणून चित्रकार, असा त्याचा बेत होता. निघताना तो दारात थबकला होता.

"सर, काही झालं तरी उघडू नका. आतला माल तसाही पाहण्यासारखा नाही. पंख लोंबतात, पोटाचे दोन अर्धे एकमेकांना भेटत नाहीत. जादू आहे ती तुमच्या चित्राची. काकू, चहा फक्कड झाला होता हं."

चित्रकाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. बायकोनं कपबश्या उचलल्या होत्या, आणि त्या जरा जास्तच वाजल्या होत्या.

"तो तुम्हाला काय म्हणून गेला, कळलं का?" तिनं आता विचारलं.

"कौतुक करून गेला."

"खोटारडे म्हणून गेला. गोड शब्दांत."

हे काही चित्रकार पहिल्यांदा ऐकत नव्हता. फार वर्षांपूर्वी एका दुकानात दोन गिऱ्हाइकं बोलत होती. खोक्याला पैकीच्या पैकी आणि आतल्या विमानाला भोपळा, असं एक जण म्हणाला होता आणि दुसरा खदखदून हसला होता. घरी येऊन त्यानं तो किस्सा बायकोला हसत हसत सांगितला होता. त्या दिवशी तो अर्ध्या जेवणावरून उठला होता, हे ती विसरली असेल असं त्याला वाटत आलं होतं.

बायकोची सगळी नोकरी डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवण्यात गेली होती. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, आणि त्यांतल्या एकानंही तिचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. कवळी घट्ट बसली, माणूस शेंगदाणे फोडायला लागला, की तिचं काम झालं.

"न बसणाऱ्या गोष्टी बसवण्यात जन्म गेला माझा," ती म्हणाली. "तुमच्यापासूनच सुरुवात झाली. हे विमान किती त्रास देणार?"

"प्रश्न त्रासाचा नाही. एकदा उघडलं की संपलं. उघडलेल्या खोक्यांना कोण विचारतो? हे एकमेव आहे."

"आहे ना. आणि त्यात काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही."

"नसू दे."

"बरं. नाही तर नाही. पुन्हा विषय काढणार नाही."

तिनं पातं डबीत ठेवलं आणि ती गॅलरीत वाळलेले कपडे काढायला निघून गेली. पुन्हा विषय काढणार नाही म्हणजे ती काढणार नव्हती, आणि पंचाईत तिथेच होती. ती भांडली असती तर त्याला बोलायला तोंड राहिलं असतं.

तो खोक्यासमोर बसला. शर्टाच्या बाहीनं त्यानं झाकण पुसलं. कोपऱ्यावर वेष्टण पिवळं पडून तडकलं होतं. त्यानं खोकं उचलून कानाशी हलवलं. आत काहीतरी सरकलं आणि पुन्हा गप्प झालं. इतकी वर्षं आल्यागेल्याला त्यानं हे खोकं चादर सोडून दाखवलं होतं आणि चादर बांधून वर ठेवलं होतं. जपतोय, असं तो सांगायचा. लोक मान डोलवायचे.

त्यानं तडकलेल्या जागी नख घातलं. वेष्टण इतकं जुनं झालं होतं, की ओढावंही लागलं नाही.

बायको खांद्यावर कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभी होती. कपडे तिनं पलंगावर टाकले आणि हात धुऊन आली.

सचिवाचं म्हणणं खोटं नव्हतं. राखाडी प्लॅस्टिकचे भाग उन्हाळे खाऊन वाकडे झाले होते. पोटाचे दोन अर्धे जोडून पाहिले तर मधल्या फटीत नख जात होतं. पंख जागेवर टेकवले की भिजलेल्या कावळ्यासारखे खाली पडत होते.

"बघितलंस?" चित्रकार म्हणाला. "भोपळा म्हणाला तो उगीच नाही."

तिनं फटीवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"वरचा जबडा खालच्यावर बसत नाही, एवढंच झालंय. आणा गरम पाणी."

मग खिडकीखालचं टेबल जेवायला मिळेना. कोमट पाण्यात मऊ करून तिनं वाकलेले भाग सरळ केले, बारीक कानशीनं कडा घासल्या, फट भरली, पुन्हा घासली. चित्रकाराला तिनं हमालीवर ठेवलं. हे धरा, ते धरा, श्वास सोडू नका. हाताखाली काम करायची त्याला सवय नव्हती. पण तिची बोटं प्लॅस्टिकवर चालताना तो पाहत राही आणि चहा निवून जाई. कवळ्यांचं तिचं काम त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. ती घरी यायची तेव्हा तिचे हात धुतलेले असायचे.

पंखांपाशी मात्र ती अडली. सूचनांच्या कागदाप्रमाणे बसवले तरी ते खालीच झुकत होते. तिनं कागद बाजूला सारला, झाकण उचलून समोर भिंतीला टेकवलं आणि बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग कोनमापक मागितला.

"हे पंख तुम्ही असे वर उचललेत. मनानं का?"

"मनानं कशाला? धक्क्यावर जाऊन बसायचो मी. पहाटे ते विमान सुटायचं. पाण्यावरून उठलं की पंख असे ताठ व्हायचे." त्यानं दोन्ही हात पसरून दाखवलं. "साचा करणाऱ्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना एक जुना फोटो दिला होता, तोही विमान धक्क्याला उभं असतानाचा."

"मग हे इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कोण ऐकणार? चित्रकार म्हटला की तो वाढवूनच काढणार."

तिनं पंखांची मुळं कापली, त्यांना उतार दिला आणि चित्रातला कोन मोजून पुन्हा चिकटवली. वाळेपर्यंत दोघंही त्या टेबलाजवळून मोठ्यानं बोलत गेली नाहीत. मग तिनं आधार काढून घेतले. पंख पडले नाहीत. विमान टॉवेलवर उभं राहिलं आणि ते आता पाण्यावरून उठणार, असं वाटायला लागलं.

ती मागे सरली. चष्मा कपाळावर चढवून तिनं विमानाकडे पाहिलं, मग भिंतीकडच्या झाकणाकडे.

"तुमचं चित्र बरोबर होतं," ती म्हणाली. "साचा चुकला होता."

चित्रकार रंग कालवायला उठून गेला.

खोकं उघडल्याचं चित्रकारानं सचिवाला फोनवर सांगितलं. काचेची पेटी गेली, मधलं टेबल गेलं. प्रदर्शनात त्यांना दाराजवळचं कोपऱ्यातलं टेबल मिळालं. चित्रकार टॅक्सीत वाटभर विमान मांडीवर धरून आला होता. ड्रायव्हरला त्यानं खड्ड्यांवरून इतकं छळलं, की बायकोला उतरताना त्याची माफी मागावी लागली.

दुपारपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभं राहायला जागा उरली नाही. हेच विमान पूर्वी जोडून हात टेकलेली पिकल्या केसांची माणसं वाकवाकून पंखांखाली पाहत होती.

"हे त्याच खोक्यातलं? शक्यच नाही."

"कोणी केलंय?"

"आमच्या मंडळींनी," चित्रकार म्हणाला. एवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. त्यानं बायकोला दंडाला धरून पुढे आणलं. "ह्यांनी. कवळ्या करायच्या. तुमच्यापैकी कोणाच्या तोंडात ह्यांचं काम असेल तर सांगा."

लोक हसले. एका आजोबांनी मात्र नकळत जिभेनं वरची कवळी चाचपली. बायको पदराला हात पुसत राहिली, जरी हात कोरडे होते.

तेवढ्यात सचिव गर्दीतून वाट काढत आला. विमान पाहून त्याची चाल मंदावली. तो खाली वाकला, पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"काकू..." तो म्हणाला, आणि थांबला. "मॅडम, पंख कसे काय उभे केलेत?"

"ते ह्यांना विचारा," बायको म्हणाली. "ह्यांनाच ठाऊक होतं."

सचिवानं मान हलवली आणि खिशातून जाड सोनेरी पेन काढलं. "सर, निदान झाकणावर तुमची सही तरी घेऊ या. चित्र कुठंय?"

चित्रकारानं टेबलावर पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. पिशवीत हात घातला. पिशवीत फक्त पाण्याची बाटली होती.

"घरी राहिलं वाटतं."

"निघताना मी म्हटलं होतं, झाकण घ्या," बायको हळूच म्हणाली.

"कसा घेणार? दोन्ही हात अडकलेले होते माझे," तो म्हणाला, आणि पंखांबद्दल विचारणाऱ्या एका बाईंकडे वळला. "हां, तर काय सांगत होतो, ही मुळं आहेत ना, ही ह्यांनी आधी सगळी कापून काढली..."