चढावरची खुर्ची

बायको, गेक चू, गेली त्या दिवशी बून सिओंग बाजारातल्या खाण्याच्या हॉलमध्ये रांगेत उभा होता. नूडल्सचे दोन पुडे बांधून घेत होता, एक स्वतःला आणि एक तिला. तिच्या पुड्यात मिरची जास्त. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी नेऊन द्यायचा त्याचा रोजचा नेम होता. फोन शाळेच्या कार्यालयातून आला, तिथे गेक चूला मॅडम चिया म्हणत. "अंकल, मॅडम चिया वर्गात पडल्या. तुम्ही शाळेत येऊ नका, थेट दवाखान्यात जा."

तो गेला. डॉक्टरीण वयाने लहान होती, तिने त्याला आधी बसायला सांगितलं. बसायला सांगितलं तेव्हाच त्याला कळलं. हातातली पिशवी त्याने मांडीवर ठेवली आणि ती सांगत होती ते सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, पुडे अजून गरम आहेत.

चौतीस वर्षं त्याने शहराची बस चालवली होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. गेक चू मात्र अजून शिकवत होती. घरापासून दोन थांबे पुढे असलेल्या माध्यमिक शाळेत गणित, आणि आठवड्यातून दोनदा चारित्र्य आणि नागरिकत्वाचा तास. त्या तासाला पुस्तक नसतं. मुलांनी आपल्या वस्तीत काहीतरी काम करायचं आणि त्यातून शिकायचं, असं ती सांगायची. बून सिओंग म्हणायचा, "म्हणजे तू शिकवत नाहीस, मुलांना कामाला लावतेस." ती म्हणायची, "तुलाही लावते. भांडी घास."

रिवाजाप्रमाणे इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत तीन दिवस दुखवट्याची बैठक झाली. गोल टेबलं, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, शेंगदाणे, खोक्यातली सरबतं. दुसऱ्या संध्याकाळी तिचा वर्ग आला, चौतीस पोरं गणवेशात. तिच्या फोटोसमोर ओळीने वाकली आणि टेबलांशी बसून शेंगदाणे सोलू लागली. निघताना एक पंधरा वर्षांची मुलगी मागे राहिली. इझाती तिचं नाव. तिच्या हातात निळी फाइल होती.

"अंकल, बाकाचं काय करायचं?"

"कसलं बाक?"

"मॅडमनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल. ती बोलायची तेव्हा मी फुटबॉल बघत असायचो."

मुलीला हसावं की नाही कळेना. तिने फाइल टेबलावर ठेवली, सालं बाजूला सारली आणि उघडून दाखवली. वर्गाने सात इमारतींतल्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय. कुणाला औषधं हवी असतील, कुणाला सोबत, असं मुलांना वाटलं होतं. पण एक्केचाळीस जणांनी एकच सांगितलं. इमारतीपासून बाजारापर्यंत चढ आहे आणि त्या चढावर टेकायला जागा नाही. मुलांनी तिसऱ्या मजल्यावरच्या रोकियाबाईंबरोबर चालून पावलं मोजली होती. सहाशे बारा. त्यात त्या नऊ वेळा थांबल्या, दोनदा कचऱ्याच्या डब्याला धरून.

"आम्ही वसाहत कार्यालयाला दहा पत्रं लिहिली," इझाती म्हणाली. "दहाही वेळा उत्तर आलं, नोंद घेतली आहे."

"मग?"

"मग मॅडम म्हणाल्या, अकरावं लिहू."

फाइलच्या शेवटच्या पानावर गेक चूचं अक्षर होतं. अकराव्या पत्राच्या दोन ओळी लिहून झाल्या होत्या.

पुढचे दीड महिने बून सिओंगने बाकाचं काही केलं नाही. दर सात दिवसांनी होणारे विधी केले, एकोणपन्नासावा दिवस पार पाडला, तिचे कपडे पिशव्यांत भरले आणि पिशव्या परत कपाटात ठेवल्या. पन्नासाव्या दिवशी सकाळी तो बाजाराला निघाला तर चढावरच्या झाडाखाली रोकियाबाई उभ्या होत्या. सगळी वसाहत त्यांना मकचिक म्हणते, म्हणजे मावशी. एक हात झाडाला टेकलेला, दुसऱ्या हातात कोबी.

"काय मकचिक, झाड पडतंय की काय?"

"झाड धडधाकट आहे. मला धरून उभं आहे ते."

"इथे तर खुर्च्या असायच्या. लोकांनी टाकलेल्या."

"असायच्या. अधूनमधून ट्रक येतो आणि घेऊन जातो. वसाहत स्वच्छ दिसली पाहिजे. आम्ही घाण." त्या हसल्या, पण हात झाडावरून काढला नाही.

तो मागे फिरला. घरात जेवणाच्या टेबलाशी गेक चूची खुर्ची होती, सागवानी, उंच पाठीची. वीस वर्षं तिच्यावर बसून तिने वह्या तपासल्या होत्या. डावा हात टेकायची तिथे पॉलिश उडालं होतं. खुर्ची लिफ्टने खाली आणली, खांद्यावर घेतली आणि चढावर नेऊन झाडाखाली ठेवली. मकचिक बसल्या. बराच वेळ बसल्या.

"कुणाची रे ही?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरातली."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला.

आठ दिवस खुर्ची तिथेच होती. तिच्यावर कोण कोण बसतं हे खिडकीतून बघायला बून सिओंगला गंमत वाटायची. नवव्या दिवशी तिच्या पाठीवर नारिंगी कागद चिकटवलेला दिसला. सोडून दिलेल्या वस्तू तीन दिवसांत उचलाव्यात, अन्यथा कार्यालय त्या हलवून नष्ट करील.

नोटिशीच्या तिसऱ्या दिवशी तो सकाळी सातपासून स्वतः खुर्चीवर बसला. साडेनऊला कॉफीची तल्लफ आली. हॉल समोरच होता, दोन मिनिटांचं काम. त्याने खिशातून कागदी रुमालांचं छोटं पाकीट काढलं, खुर्चीच्या मधोमध ठेवलं आणि गेला.

यात त्याला काही वावगं वाटलं नाही. या शहरात कुणालाच वाटलं नसतं. खाण्याच्या हॉलमध्ये भर दुपारी, पाचशे माणसं जागा शोधत फिरत असताना, ज्या टेबलावर असं पाकीट आहे तिथे कुणी बसत नाही. मंत्री असो नाही तर हमाल. पाकीट म्हणजे माणूस आहे, येतोय.

तो परत आला तेव्हा खुर्ची नव्हती. पाकीट रस्त्याच्या कठड्यावर नीट सरळ ठेवलेलं होतं. ट्रकवरच्या मजुरांनी तेवढा मान राखला होता.

वसाहत कार्यालयात एडविन नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने बून सिओंगला बसायला सांगितलं. बून सिओंग उभाच राहिला.

"खुर्ची परत द्या."

"अंकल, ती गेली. ट्रक इथून थेट भट्टीला जातो."

"कसली भट्टी?"

"कचऱ्याची. सॉरी अंकल. पण नोटीस लावली होती ना आम्ही."

"मी तिथे बसलो होतो. कॉफीला गेलो तेवढ्यात."

"मग कागदात लिहिल्याप्रमाणे ती सोडून दिलेलीच झाली. जवळ कुणी नव्हतं."

"पाकीट ठेवलं होतं."

एडविनने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर क्षणभर खरोखरच ओशाळलेपण आलं, कारण तोही याच शहरात वाढला होता. "पाकीट हॉलमध्ये चालतं अंकल," तो हळूच म्हणाला. "रस्त्यावर नाही चालत."

"जवळ माणूस असता तर?"

"तर सोडून दिलेली कशी म्हणणार? मग नाही उचलता येत."

"हे लिहून द्याल?"

"नोटिशीत लिहिलेलंच आहे."

बून सिओंग घरी आला. टेबलाशी जिथे खुर्ची होती तिथे फरशीवर चार पांढरे ठिपके होते. तो त्यांच्याकडे बघत बसला आणि त्याला स्वतःचाच राग आला. चौतीस वर्षांत त्याने एकदाही बदली ड्रायव्हर चढल्याशिवाय स्टिअरिंग सोडलं नव्हतं. पोटात कळ येवो, पाऊस येवो, बदली आला नाही तर पुढची फेरी आपणच मारायची. आणि तिची खुर्ची त्याने एका पाकिटाच्या भरवशावर सोडली होती.

संध्याकाळी त्याने निळ्या फाइलीवरचा नंबर लावला.

"इझाती, तुमचं ते काम चालू आहे की बंद?"

"बंद, अंकल. नवीन टीचर आल्यात, मिस ताम. आता आम्ही समुद्रकिनारा साफ करतो. दोन तास. किनारा आधीच साफ असतो. मग फोटो काढायचा आणि फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना आहे, 'मी काय शिकलो'."

"काय लिहिलंस?"

"वाळू गरम असते."

बून सिओंग दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा हसला. मग त्याने तिला विचारलं, घरी जुनी खुर्ची आहे का.

शनिवारी चढावर सात खुर्च्या आल्या. एक चाकांची, एक बाळाला भरवायची उंच. ती पाहून मकचिक म्हणाल्या, "हिच्यावर मला कोण चढवणार, अग्निशमन दल?" ती परत पाठवली. राहिल्या सहा. बून सिओंगने घरून कामाचा तक्ता करून आणला होता, बस डेपोत असतो तसाच. डावीकडे वेळ, पुढे नाव, त्यापुढे बदलीचं नाव. सकाळी सात ते संध्याकाळी सात. शाळेच्या वेळेत म्हातारे, शाळा सुटल्यावर मुलं. खाली एकच नियम लिहिला होता. बदली येऊन समोर उभा राहिल्याशिवाय उठायचं नाही.

"आणि लघवी लागली तर?" पाचव्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले.

"चौतीस वर्षं मी काय करत होतो?"

"काय करत होतास?"

"निघायच्या आधी जाऊन येत होतो."

त्याने सगळ्यांना बजावलं. फलक नको, घोषणा नको. घोषणेला परवाना लागतो. बसायला लागत नाही. गणवेशातही नको, शाळेला त्रास नको. इझाती घरच्या कपड्यांत आली, डोक्याला फिकट हिरवा रुमाल बांधून.

बुधवारी नारिंगी कागद लागले, सहाही खुर्च्यांवर. त्याच दुपारी मिस ताम आल्या. तिशीच्या असतील, हातात छत्री.

"अंकल, मला मॅडम चियांबद्दल आदर आहे," त्या म्हणाल्या. "पण मुलांना अडचणीत आणू नका. आणि शाळेत दाखवावे लागतात ते सेवेचे तास त्यांना यातून मिळणार नाहीत. हे मंजूर काम नाही."

बून सिओंगने खुर्चीवरच्या मुलीकडे बोट दाखवलं. "तिला सांगा."

"इझाती, ऐकलंस ना? तास धरले जाणार नाहीत."

"नको धरायला, टीचर."

"घरी फोन करावा लागेल मला."

"करा. आई चारला घरी येते. पाच ते सहा तिचीच पाळी आहे."

मिस तामनी छत्री मिटली. मग त्यांनी तक्ता वाचला, सगळा, वरपासून खालपर्यंत, आणि थांब्याकडे गेल्या.

शनिवारी साडेनऊला ट्रक आला. सोबत एडविनही आला होता. सहा खुर्च्यांवर सहा माणसं होती. कडेच्या खुर्चीवर मकचिक कोबीची पानं सोलत होत्या, इझाती गणिताची वही मांडीवर घेऊन बसली होती. बून सिओंगची पाळी नव्हती. तो झाडाशी उभा होता.

"अंकल, प्लीज उठवा सगळ्यांना. पाच मिनिटांचं काम आहे."

"मी कोण उठवणारा? मी काय कंडक्टर आहे?"

एडविन इझातीकडे वळला. "ताई, ऊठ जरा."

तिने खुर्चीच्या पाठीवरचा कागद काढला आणि त्याला दाखवला. "यात 'सोडून दिलेल्या वस्तू' असं आहे. मी आहे ना इथे."

"किती वेळ बसणार आहेस?"

"साडेदहापर्यंत. मग हे आजोबा."

"आणि उद्या?"

"उद्याचा तक्ताही आहे. दाखवू?"

ट्रकवरचे तिघे मजूर खाली उतरले होते. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, एडविनकडे पाहिलं. त्यातला एक तमिळमध्ये काहीतरी पुटपुटला आणि बाकीचे दोघे गालात हसले. पाकीट कठड्यावर ठेवणारा तोच असावा असं बून सिओंगला उगाच वाटलं.

"अंकल, हे बरोबर नाही," एडविन म्हणाला. "नियम आहेत."

"नियमाप्रमाणेच बसलोय. माझ्या बायकोची खुर्ची तुम्ही नियमाने जाळली. मी तक्रार केली नाही. चूक माझी होती, मी उठलो. आता कुणी उठणार नाही. तुम्हाला खुर्च्या नको असतील तर बाक बसवा. बाक बसवलंत की त्याच दिवशी मी स्वतः या सहा खुर्च्या तुमच्या ट्रकात चढवीन."

"मला तो अधिकार नाही."

"माहीत आहे. ज्याला आहे त्याला जाऊन सांगा, अकरावं पत्र येतंय."

एडविनने खुर्च्यांचे, बसलेल्या माणसांचे, कागदांचे फोटो काढले. मकचिकनी डोक्याचा रुमाल नीट करून घेतला. "परत काढ बाळा, माझे डोळे मिटले होते." त्याने खरंच परत काढला. ट्रक रिकामा गेला.

त्या संध्याकाळी बून सिओंगने फाइल उघडली. गेक चूच्या दोन ओळींखाली लिहायला बसला. इझाती वाचून दाखवत होती, तो खोडत होता. पत्रावर एक्केचाळीस सह्या होत्या, त्याची बेचाळिसावी.

आज तक्त्याचा सातवा आठवडा आहे. पाळी एकदाही चुकलेली नाही. मिस ताम दोनदा येऊन पाऊण पाऊण तास बसून गेल्या, रविवारी, नाव न लिहिता. अकराव्या पत्राला उत्तर आलं, नोंद घेतली आहे. बारावं लिहून झालं आहे, टाकायचं आहे. चढावर बाक अजून बसवलेलं नाही.