सण आपला, पोट तिचं

सर्वपित्रीला आमच्या जुईनगरच्या सोसायटीबाहेर गाईपुढे जी रांग लागते, ती रेशनलाही लागत नसेल. प्रत्येकाच्या हातात ताट: खीर, वडे, भात, पुरणपोळी. गाय एक आणि पितर साऱ्या सोसायटीचे.

यंदा त्या रांगेत मीही होते. माझे वडील, आप्पा, जाऊन दोन वर्षं झाली. गावी बार्शीकडे श्राद्ध भाऊ घालतो. लेकीच्या वाट्याला उरतो गोग्रास. तेवढा तरी गाईनं माझ्या हातून खावा, एवढंच मला हवं होतं.

आप्पांनी जन्मभर गाई सांभाळल्या. पावसाळ्यात बांधावर गुडघाभर गवत माजलं तरी सकाळी आधी कडबा, मग हिरवं. उन्हाळ्यात कडब्याच्या जोडीला पेंड आणि मिठाचा खडा. सणाला आई गाईला पुरणपोळी द्यायची, तीही चतकोरच. "सण आपला, पोट तिचं," असं आप्पा बजावायचे. गाय रवंथ करायला लागल्याशिवाय ते स्वतः पानावर बसत नसत. आई आमटी पुन्हा पुन्हा गरम करायची आणि गाईशी संसार करा म्हणायची.

माझा नंबर आला. गाईनं ताट हुंगलंसुद्धा नाही. वडिलांची काही इच्छा राहिली असेल, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मला राग आला, पण क्षणभर तेच खरं वाटलं. मग माझी नजर तिच्या डाव्या कुशीवर गेली. कूस टम्म फुगली होती, टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजली. रवंथ करणं तर थांबलंच होतं.

मी रांगेकडे वळले आणि सगळ्यांना ताटं घरी न्यायला सांगितलं. लोक खवळले. आमचे सेक्रेटरी सुभाषराव म्हणाले, मॅडम, तुमचं ताट घेतलं नाही म्हणून आमच्या पितरांना उपाशी ठेवता का? गाईची मालकीण सगुणाबाई, इथल्याच मूळ गावची, खाली मान घालून बसली होती. तिच्या पाठीशी भाताच्या पेंढ्याचा भारा सकाळपासून तसाच बांधलेला होता. एवढं खाऊ कसं दिलंस, मी विचारलं.

"पितरांना नको कसं म्हनू, ताई? कोनाचा जीव अडकला तर?"

"पितर पुढच्या वर्षी परत येतील," मी म्हटलं. "ही गेली तर परत यायची नाही."

सुभाषराव गाईच्या कुशीकडे बघत राहिले. मग त्यांनीच जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर येईपर्यंत सगुणाबाई आणि मी तिला गेटपासून कोपऱ्यापर्यंत चालवत राहिलो. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून पोटातली हवा काढली, औषध पाजलं. आज फक्त वाळलेलं द्या, तेही थोडं, एवढं सांगून ते गेले.

उन्हं उतरल्यावर कूस बसली. कडबा इथे कुठला मिळायला. मी भाऱ्यातून मूठभर पेंढा काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. मग ती खाली बसली आणि बऱ्याच वेळानं तिचा जबडा सावकाश हलायला लागला.

माझं ताट कट्ट्यावर झाकलेलंच होतं. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले, ताट मांडीवर घेतलं आणि आप्पांचं पान मीच जेवले.