घरची हळद

वंटमुरीच्या घाटात गाडीनं मान टाकली. आधी काटा लाल रेषेवर गेला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, आणि रवळूनं गाडी कशीबशी कडेला घेतली तोवर काचेतून रस्ता दिसेनासा झाला होता. निपाणीकडं एका बारशाला निघालेलं हे नवरा-बायकोचं जोडपं नव्या कपड्यांत धुळीत उभं राहिलं.

"मागं सर," रवळू बायकोला म्हणाला. "आता टोपण उघडलं तर तोंड भाजंल."

राजाबाई मागं सरली आणि तिथंच थबकली. वाफेला वास होता. जळक्या रबराचा होता, तापल्या लोखंडाचा होता, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता आणि तो तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. माघ-फाल्गुनात वडील रानात काहील मांडून हळद शिजवायचे, तेव्हा अशीच वाफ अंगावर यायची. ती नवऱ्याला म्हणणार होती, "अवो, हळदीचा वास येतोय." पण मग तिच्या मनात पुढचा विचार आला आणि ती गप्प बसली.

गाडी सुबरावाची होती. सुबराव म्हणजे राजाबाईचा एकुलता एक धाकटा भाऊ. निपाणीच्या अलीकडं त्याचं तंबाखूचं रान, आणि रानाच्या कडेला हळदीचा तुकडा. श्रावणात त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी विकायला काढली. रवळू नुकताच टिळकवाडीतल्या एका शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाला होता. गाडी घेऊन आपल्या गावची, हिंडलग्याची पोरं त्याच शाळेत पोचवायची, असा त्याचा बेत होता. फक्त सोयऱ्याची गाडी त्याला नको होती.

"गाडी बिघडली तर पार्ट मिळतोय. नातं बिघडलं तर त्येला पार्ट न्हाय," तो म्हणाला होता.

"माजा सुबराव मला फसवायचा न्हाय," राजाबाई म्हणाली, आणि त्या एका वाक्यावर गाडी दारात आली.

रवळू तसा देवमाणूस, पण त्याचं मन एकदा उठलं की उठलं. बांधावरून सख्ख्या भावाशी बिनसलं, तेव्हापासून शेजारच्या घराची पायरी तो चढला नव्हता. भाऊ वारला तेव्हाही हा रस्त्यावर उभा राहून परत आला. राजाबाईनं ते पाहिलं होतं.

आणि माहेर म्हणावं असं तिला एवढंच उरलं होतं. आई-वडील गेल्यावर तिनं कचेरीत जाऊन हक्कसोडीवर सही केली होती. बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. त्या रानातून तिच्या वाट्याला दर भाऊबीजेला एक पिशवी हळद यायची. ती हळद ती गल्लीत चिमूट चिमूट वाटायची, "आमच्या घरची हाय" म्हणून. चाळीस वर्षं सासरी काढून बाई घरची म्हणते ती माहेरचीच, आणि पुरुषांना वाटतं बायका उगाच मिरवतात.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून हिंडलग्याच्या फाट्यावर मष्णूच्या गॅरेजात आणली. मष्णू घाई करणारा मिस्त्री नव्हता. त्यानं फॅन फिरतो का ते पाहिलं. पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवलं, ते कोरडं निघालं. रबरी पाइप दाबून पाहिले. मग ऑइलची पट्टी ओढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं.

"हेड गॅस्केट गेली की ही," तो म्हणाला. "ऑइलात पाणी मिसळलंय. हेड बी वाकलं असंल. पर ते मागनं झालंय, आण्णा. आदी ही तापली कशानं, ते बघाय पायजे."

तो खाली सरपटला आणि त्यानं रेडिएटरचा खालचा बोल्ट सोडला. पाणी आलं नाही. त्यानं तार घालून ढोसलं, तेव्हा एक पिवळा चिखल लोंबत लोंबत बाहेर आला आणि घमेल्यात पडला. मष्णूनं तो बोटावर घेतला, नाकाशी नेला.

"हळद हाय ही."

"हळद?" रवळू म्हणाला.

"रेडिएटरला बारीक चीर पडली की ट्रकवाले घालत्यात. चिरंत बसती, गळती थांबती, गावापतूर पोचाय येतंय. पर जास्त घातली की नळ्या तुंबत्यात. पाणी फिरायचं थांबलं की इंजान तापणारच. ज्यानं कुनी ही घातलीया, त्येला गळती ठाऊक हुती."

रवळूनं खिशातून फोन काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधायला लागला. राजाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. भावाच्या मयताला रस्त्यावर उभा होता तेव्हाचंच ते तोंड होतं. आता हा एक फोन लावणार, चार शब्द बोलणार, आणि मरेपर्यंत निपाणीचा रस्ता बंद होणार.

"मी घातली," ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडं बघायला लागले.

"गाडीखाली थेंब पडल्यालं दिसलं. तुमी चिडशीला म्हणून बोल्ली न्हाय. हळद घातली की थांबतंय, असं कुनीतरी म्हनलंतं बाजारात. डब्यातली घातली."

मष्णूनं घमेल्यातल्या चिखलाकडं पाहिलं. "वैनी, पर ह्यो थर जुना..." एवढं बोलून त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि हात पुसायचं फडकं उचललं. "व्हय," तो म्हणाला. "बायका ऐकत्यात कुनाकुनाचं."

रवळू हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पी हळद आन हो गोरी! अगं, जखमंवर लावल्यागत इंजनाला लावलीस व्हय?" त्याला राग आला नाही. बायको वेडी निघाली हे त्याला परवडत होतं. मेव्हणा चोर निघाला असता तर परवडलं नसतं. तिला मात्र वाटलं, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं फोन लावला तो सुबरावालाच, पण गंमत सांगायला. "आरं, तुज्या आक्कानं काय केलंय ऐक." राजाबाई जवळच उभी होती. पलीकडं जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग सुबराव मोठ्यानं हसला. रवळूला हसणं ऐकू आलं. तिला आधीची शांतता ऐकू आली.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात होता. गाडी परसात उभी राहिली आणि तिच्याखाली कोंबड्या बसायला लागल्या. पोरांची ने-आण मनातच राहिली. रवळू खडेबाजारात एका कापडाच्या दुकानापुढं वॉचमन म्हणून उभा राहू लागला. संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन यायचा, आणि कुणी भेटलं की हळदीची गोष्ट सांगायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "राजाक्का, फोडणी बी द्याची न्हाय व्हय?" ती हसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून धरणाऱ्याचा हात किती दुखतो ते कुणी विचारत नाही.

तिला गाडीची भरपाई नको होती. रवळू दुकानावर गेल्यावर भावानं एकदा फोन करावा, "आक्का, चुकलं माजं" म्हणावं, इतकंच. ती मोबाइल स्वयंपाकघरात फळीवर ठेवायची, न्हाणीत जातानाही दाराशी ठेवायची. दसरा झाला, दिवाळी आली. फोन आला नाही.

भाऊबीजेला तो स्वतः आला, नवी गाडी घेऊन. परसात जुनी उभी होती म्हणून त्यानं गाडी बाहेर रस्त्यावरच लावली. जुनीकडं त्यानं वळून पाहिलं नाही. राजाबाईनं ओवाळलं. त्यानं ताटात ओवाळणी टाकली आणि नेहमीसारखी हळदीची पिशवी सोप्यात खुंटीखाली ठेवली. त्याच्या नजरेत काही सापडतंय का, ते तिनं बघितलं. काही नव्हतं.

ती आत स्वयंपाकाला गेली. डाळ शिजली होती, बटाटे चिरून झाले होते. बाहेर रवळूनं विषय काढलाच.

"दाजी, तुमी बी तिच्या हातात गाडी कशाला देतासा?" सुबराव हसत म्हणत होता. "आमच्या आक्काला चौथीतनं काढलीती न्हवं. शाळाच न्हाय, मग डोस्कं कुठनं चालणार?"

चौथीतून काढलं होतं हे खरं होतं. त्या वर्षी सुबराव जन्मला होता, आणि आईला रानात जायचं होतं. वर्षभर तो हिच्याच कमरेवर होता.

राजाबाईच्या हातात मसाल्याचा डबा होता. हळदीच्या वाटीत चमचा बुडालेला होता. तिनं चमचा बाहेर काढला, झटकला आणि डब्याला झाकण लावलं. आमटी तिनं तशीच मिठावर उकळली, बटाट्यालाही नुसतं मीठ लावलं. फोडणी दिली नाही. हळद-फोडणीवाचूनचा स्वयंपाक त्या भागात एकाच घरी होतो, ज्या घरात कुणी गेलेलं असतं. सणाच्या दिवशी आपण हे काय करतोय, हे तिला नीट कळत होतं.

रवळूनं ताटाकडं पाहिलं. "हे गं काय? सणादिवशी सुतकाचं जेवण? हळद कुठाय?"

"संपली," ती म्हणाली. "गाडीत घातली न्हवं."

रवळू खो खो हसला. सुबरावाचा हात भातातच थांबला. त्यानं मान वर करून बहिणीकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती.

"आगं, ही एवढी पिशवी आणलीया की त्यानं," रवळू म्हणाला.

"ती र्‍हाऊ दे. त्येची बी गाडी हाय. कवातरी लागंल त्येला." तिनं पळी पुढं केली. "घे रं. आमटी घे."

त्यानं आमटी घेतली. मग जेवण होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. रवळूनं दोनदा काहीबाही विचारलं, त्याला त्यानं "व्हय, व्हय" एवढंच उत्तर दिलं. हात धुऊन तो निघाला, तेव्हा हळदीची पिशवी राजाबाईनं स्वतः नेऊन नव्या गाडीच्या सीटवर ठेवली. त्यानं काच खाली केली. "आक्का..." म्हणाला, आणि पुढं काही म्हणाला नाही. ती थांबली होती, चांगली थांबली होती. मग दाजी मागून येताना दिसले आणि त्यानं गाडी सुरू केली. पोचलास की फोन कर, असं ती दर वर्षी सांगायची. या वर्षी सांगितलं नाही.

"तुजा भाऊ आज लई गप हुता गं," रवळू परत येताना म्हणाला.

"लांब जायाचं हाय त्येला," राजाबाई म्हणाली.

तो पाय शेकायला आत गेला. ती आपलं ताट घेऊन चुलीपाशी बसली. मसाल्याचा डबा हाताशीच होता. तिनं तो उघडला नाही. भातावर तीच पांढरी आमटी ओढली, आणि सावकाश जेवायला लागली.