श्रावणातले तेवीस भाव

सकाळपासून नीलांबरीचं कशात लक्ष नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं, दूध उतू गेलं, आणि पाणी आणायला म्हणून माजघरात गेलेली बाई रिकाम्या हातानं परत आली. आणि का नाही होणार असं? दुपारच्या गाडीनं गावातला ऊसवाला शेतकरी कारभारी मुंबईला निघणार होता, कमरेला चार हजार रुपये बांधून. ते चार हजार बुडाले तर पाप कुणाच्या माथी, हे अख्ख्या पुणतांब्यात तिला एकटीला ठाऊक होतं.

तिचे सासरे विष्णुपंत म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. नोकरी संपली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दुसरा कुणी असता तर जपमाळ घेऊन बसला असता. ह्यांनी काय घ्यावं? शेअरबाजार! खरेदी एका पैची नाही हो, नुसते भाव. तीन कोसांवर गौतमी शुगर कंपनीचा कारखाना, गावातला निम्मा ऊस तिकडे जायचा. त्या कंपनीच्या शेअरचा भाव मुंबईच्या वर्तमानपत्रात छापून यायचा. स्टेशनावरून वर्तमानपत्र आलं की नीलांबरी ओट्यावर बसून भाव वाचायची, ऐकायला चार शेतकरी जमायचे, आणि मग ती तिथी घालून तो वहीत उतरवायची. चाळीस सालापासून एका दिवसाचा खंड नाही, असं मामंजी छाती पुढे काढून सांगायचे.

"मागचं नीट वाचलं की पुढचं दिसतं," हे त्यांचं पालुपद. दिसत तर काहीच नव्हतं त्यांना, पण ती वही त्यांना तोंडपाठ होती. वर्षं शेजारीशेजारी ठेवून त्यांनी शोध लावला, की श्रावणात गौतमीचा भाव पडतो आणि दसऱ्यापर्यंत वर येतो. आता चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस आणि पंचेचाळीस तसे गोंधळाचे, त्रेचाळीस तर साफ उलटा. पण चव्वेचाळीसचा श्रावण! त्याचं नाव काढलं की म्हातारा खुलायचा. नागपंचमीपासून रोज थोडा थोडा उतरत गेला, चौदाव्या दिवशी तळाला लागला, आणि तिथून जो चढला तो चढलाच. "आणि मी आदल्या संध्याकाळी सांगितलेला भाव दुसऱ्या दिवशी बरोबर यायचा. चार आण्यांचा काय तो फरक! विचारा सूनबाईला."

हे बोलणं कारभाऱ्यानं फार मनावर घेतलं. मास्तरांच्या हाताखाली दुसरीपर्यंत शिकलेला गडी. लढाईत गुळाला सोन्याचा भाव आला तेव्हा चार पैसे गाठीला लागले होते. त्याच्या बायकोच्या, राहीबाईच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की विहिरीवर इंजिन बसवायचं, मोट बंद करायची. कारभाऱ्यानं तिच्या पुढची उडी मारली. आताच शेअर घ्यायचे, दसऱ्याला विकायचे, म्हणजे इंजिनही होईल आणि वर चार एकराला पाइपही. पैसे कमी पडले म्हणून राहात्याच्या बाजारात मोटेचे चारही बैल विकून मोकळा झाला. बैल गेले, मोट थांबली, आणि ऊस आभाळाच्या भरवशावर उभा. यंदाच्या, शेहेचाळीसच्या श्रावणात नागपंचमीपासूनचा चौदावा दिवस परवावर आला होता.

नीलांबरीला धास्ती होती ती ह्याच चौदाव्या दिवसाची.

जेवणं झाली. मामंजी ओट्यावर सुपारी चघळत बसले होते, अगदी खुशीत. ती वही घेऊन समोर जाऊन बसली, उठली, पुन्हा बसली.

"काय गं, पायाला मुंग्या आल्यात की काय? सकाळपासून ऐकतोय, भांडी आपटतेस नुसती."

"मामंजी, कारभारीभाऊंना जाऊ देऊ नका."

"का?"

"चव्वेचाळीसचा श्रावण खरा नाही."

विष्णुपंत हसले. "श्रावण खरा नाही म्हणजे? मग काय भाद्रपद होता?"

"भाव खरे नाहीत. तेव्हा कागदाची टंचाई होती, आठवतं? वर्तमानपत्राची पानं कमी झाली आणि भावांचा रकानाच गाळला त्यांनी. तेवीस दिवस भाव छापूनच आला नव्हता."

सुपारी चघळायची थांबली. "तू तर रोज वाचून दाखवत होतीस."

"पहिल्या दिवशी आला नाही म्हणून सांगितलं होतं मी. तुम्ही जेवला नाहीत. रात्रभर येरझारा घातल्यात. त्यांचं बसऱ्याहून पत्र नव्हतं तीन महिने." त्यांचं म्हणजे माधवचं, तिच्या नवऱ्याचं. तेव्हा तो लष्कराच्या हिशेबखात्यात बसऱ्याला होता, आता नगरला असतो. "तुमचा जीव टांगणीला लागलेला, माझाही लागलेला. भाव ऐकला की निदान घटकाभर तुम्ही त्यात रमायचात. म्हणून दुसऱ्या दिवशी, कालचा आणि आजचा दोन्ही आलेत असं सांगून, मी वाचायला लागले."

"काय वाचलंस? तुला बाजारातलं ओ की ठो कळत नाही. आकडे आणलेस कुठून?" आता आवाज चढला होता, शाळेत चढायचा तसा.

"तुमच्याकडूनच," नीलांबरी म्हणाली. तिला रडू फुटलं. "आदल्या संध्याकाळी तुम्हीच म्हणायचात ना, उद्या रुपयाभर उतरेल, उद्या दोन उतरेल. तोच आकडा मी दुसऱ्या दिवशी वाचायची. संशय नको म्हणून चार आणे इकडेतिकडे करायची."

विष्णुपंतांनी चाचपत वही मांडीवर ओढली. त्यांनी विचारलं, "आणि चौदाव्या दिवसानंतर चढला तो?"

"चौदाव्या दिवशी पत्र आलं. सुखरूप आहे म्हणून. त्या संध्याकाळी तुम्ही पेढा खाल्लात आणि म्हणालात, आता उद्यापासून चढणार बघ."

 दोन वर्षं ज्याला विष्णुपंत बाजार म्हणत होते, ती त्यांचीच काळजी होती. पोराचं पत्र येत नव्हतं म्हणून उतरलेली आणि आलं म्हणून चढलेली. नीलांबरीला वाटलं, आता हे वही भिरकावतील, आपल्याला बोल बोल बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. ते उठले, खुंटीवरची टोपी चाचपून डोक्यावर ठेवली आणि हात पुढे केला.

"चल. गाडीला किती वेळ आहे?"

टांगा बघायलाही ते थांबले नाहीत. सासऱ्याचा हात खांद्यावर घेऊन भर बाजारातून तरातरा चालणारी सून गावानं पहिल्यांदाच पाहिली. माणसं दुकानातून माना काढून बघत होती. बघा म्हणावं! पदर सावरायलाही तिला सवड नव्हती. वाटेत मामंजी दोनदा ठेचकाळले, आणि दोन्ही वेळा "चल, चल" एवढंच म्हणाले.

मनमाडकडे जाणारी गाडी फलाटाला लागली होती. कारभारी खिडकीशी बसला होता, नवा फेटा बांधून. राहीबाई बाहेर उभी राहून भाकरीचं गाठोडं आत देत होती.

"कारभारी! खाली उतर!"

"आता काय ऱ्हायलं वं मास्तर? चिठ्ठी घेतली की दलालाला द्यायची."

"जायचं नाही. चव्वेचाळीसचे आकडे खोटे आहेत."

डब्यातली माणसं वळून बघायला लागली. कारभाऱ्याचा चेहरा उतरला. "खोटं? कुनी केलं खोटं?"

नीलांबरीनं तोंड उघडलं. खांद्यावरचा हात एकदम घट्ट झाला.

"मी केले," विष्णुपंत म्हणाले. "भाव छापून येत नव्हता. मी मनानं धरला आणि तोच खरा मानून बसलो. मला बाजारातलं काही कळत नाही, कारभारी. उतर."

गार्डानं शिट्टी दिली. कारभारी बसल्या जागी चुळबुळत होता, उतरेना. तेवढ्यात राहीबाईनं कासोटा आवळला, डब्यात चढली आणि नवऱ्याचं मनगट धरून त्याला ओढतच खाली आणलं. "मास्तर स्वता सांगत्यात आन् तुमाला काय मुहूर्त पायजे का? उतरा!"

गाडी निघून गेली. कारभारी फलाटावर उभा राहून ओरडला, "बैलं इकली ना वं मी! चार बैलं! तुमच्या वहीपायी इकली! गावाला यडं केलं व्हय इतकी वर्सं?" स्टेशनमास्तर, हमाल, चहावाला, सगळे ऐकत होते. विष्णुपंत मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांनी एका शब्दानंही सुनेचं नाव घेतलं नाही, आणि नीलांबरीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर ओट्यावर भाव ऐकायला कुणी फिरकलं नाही. नाही म्हणायला पाचव्या दिवशी कारभारी आला. रामराम नाही, काही नाही. पायरीवर टेकला आणि म्हणाला, "वाचा, वैनी."

नीलांबरीनं वर्तमानपत्र उघडलं. भाव चौदाव्या दिवसापेक्षा बावीस रुपयांनी वर गेला होता.

 बावीस उतरला म्हटलं की झालं! कारभारी हात जोडून घरी जाईल, मामंजी पोटभर जेवतील, गाव पुन्हा मास्तर मास्तर करत येईल. तो बारीक छापा वाचता येणारी तिथं ती एकटीच होती. जिभेच्या टोकावर आलेला आकडा तिनं गिळला.

"चारशे सहा. चौदाव्या दिवसापासून बावीस वर."

कारभाऱ्यानं बोटांवर हिशेब केला. "धा घेतलं असतं तर दोनशे वीस. तीन दिसांत." एवढं बोलून उठला आणि मागं न बघता निघून गेला. ह्या भावाचं पुढे काय होणार, चढणार की कोसळणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि ओट्यावरल्या दोघांनाही नाही.

 विष्णुपंतांनी घसा खाकरला.

"नीलांबरी, खरा आहे ना भाव?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.

"खरा आहे, मामंजी."

"हं." त्यांनी हात पुढे केला, वर्तमानपत्र घेतलं, डोळ्यांपाशी नेलं, उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं आणि तिला परत दिलं. "उद्यापासून वहीत घालायच्या आधी पोस्टमास्तरांना दाखवत जा. त्यांची सही घेत जा खाली. वाईट वाटून घेऊ नकोस."

"बरं, मामंजी," ती म्हणाली, आणि सहीपुरती जागा सोडून तिनं भाव लिहिला.