चार दिवसांत सैल होतील

उजवा

"बाई, पायात काय आहे हे?"

"बूट."

"ते दिसतंय. कुणाचे?"

"माझे. परवा आपल्याच दुकानातून घेतले. पुरुषांच्या कप्प्यातले."

मॅनेजरने डोळे मिटले. दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं आणि खालून आलेलं ऊन नेमकं त्या बुटांवर पडलं होतं. रुंद, काळे, नाडीचे, टाच बोटभरसुद्धा नाही. या सोमवारपासून काउंटरवरच्या सगळ्या बायकांनी दुकानाचं नवं मॉडेल घालायचं, असा नियम निघाला होता. चकचकीत, उंच टाचेचं, टोकाला इतकं निमुळतं की पेन्सिलीला लाज वाटावी. मापबाईंच्या वाट्याचा जोड खोक्यातच पडून होता.

"संध्याकाळी सातला मालक येतायत. तोपर्यंत बदला. नाहीतर उद्यापासून यायचं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"हात कुठे, पाय दाखवतेय," मापबाई म्हणाल्या आणि खोकी लावायला वळल्या.

डावा

नुसतं पाऊल बघून नंबर सांगायच्या, म्हणून मापबाई. एकोणतीस वर्षं परक्या पायांपुढे गुडघे टेकून बसल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा आवळतोय." मापबाई म्हणायच्या, "चार दिवसांत सैल होतील." हे वाक्य त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, झाडू कुठे ठेवतात ते सांगायच्याही आधी.

स्वतःलाही त्या तेच सांगत आल्या होत्या.

आईचं नाक मिळालं असतं तर सोनं झालं असतं. मिळाला तो पाय. त्यावर दुकानाचे अरुंद बूट, दिवसाचे दहा तास. अंगठा हळूहळू शेजारच्या बोटावर रेलला आणि त्याच्या मुळाशी सुपारीएवढा उंचवटा आला. लाल, तापलेला.

"गाठ कापून टाका," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या होत्या.

"गाठ नाहीये ही. तुमचंच हाड आहे. अंगठा आत वळला, म्हणून सांधा बाहेर आला. फार दुखायला लागलं, चालणं अवघड झालं, तर ऑपरेशनचं बघू. आधी बूट बदला."

"मी बूटच विकते हो."

दोघीही हसल्या. डॉक्टरीणबाईंनी बोटांमध्ये ठेवायची मऊ पाचर दिली. अंगठा हिने सरळ होणार नाही, फक्त दुखणं कमी होईल, हेही सांगितलं. सुजलं की बर्फ लावायचा. जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करायचा.

"हरवलंस का टॉवेलला?" नवरा रोज विचारायचा. एकदा मात्र पेपर खाली ठेवून म्हणाला, "तो दुकानाचा अरुंद जोड परत घातलास ना, तर मी त्याच्यात झाडं लावीन."

उजवा

दुपारी मायलेकी आल्या. लेकीची उद्यापासून पहिली नोकरी, बँकेत. तिने थेट नव्या मॉडेलकडे बोट दाखवलं. बूट पायात गेला खरा, पण दोन पावलं टाकताना पोरीने खालचा ओठ दाताखाली धरला. तिने पाय बाहेर काढला तेव्हा मापबाईंना दिसलं. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी लाली. सुरुवात.

"सैल होतील ना?" पोरीने विचारलं.

डावा

मॅनेजर चार हात अंतरावर उभा होता. नेहमीचं वाक्य मापबाईंच्या जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांत त्याला कधी बोलवावं लागलं नव्हतं, आपणच यायचं.

उजवा

"नाही होणार," मापबाई म्हणाल्या. "हे चामडं नाही, ताणलं जात नाही. बूट आहे तसाच राहतो, पोरी. पाय वाकतो."

"बाई!" मॅनेजर.

"उभी राहा. बसून नाही, पायावर पूर्ण भार दे." खोक्यातला कागद त्यांनी फरशीवर पसरला, कानामागची पेन्सिल काढली आणि पावलाभोवती रेघ ओढली. मग रेघेवर बूट ठेवला. दोन्ही बाजूंनी पाऊल बाहेर उरलं होतं.

"हे उरलेलं कुठे ठेवशील? घरी ठेवून येशील बँकेत?"

पोरगी हसली. आई नाही हसली. तिने गुपचूप चप्पल काढली. तिचा अंगठाही तसाच, तिरका. "माझ्याही पायाची रेघ काढून द्या," ती म्हणाली.

"देते. पण बूट घ्यायला यायचं ते संध्याकाळी, दिवसभर चालून पाय फुगल्यावर. पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी आणि आत बोटं हलली पाहिजेत. हिच्या पायात आत्तापासून रुंद घाला. पाय तुमच्याकडून आलाय, तो काही बदलता येत नाही. बूट येतात."

मायलेकी कागद गुंडाळून घेऊन गेल्या. खरेदी काहीच नाही.

"भोगा आता, ताई," शेजारच्या काउंटरवरची पर्सवाली कुजबुजली. टेबलाआड तिने आपले नवे बूट काढून ठेवले होते.

डावा

मालक सातला आले. आवाज न चढवणारा माणूस.

"बाई, वडिलांनी तुम्हाला ठेवलं होतं. तुम्ही घरच्यासारख्या."

"घरची माणसं घरात अनवाणी असतात, साहेब."

"नियम सगळ्यांना सारखा."

"पाय सारखे नाहीत ना." मापबाईंनी आपल्या उजव्या पावलाची रेघ काढलेला कागद काउंटरवर ठेवला आणि खोक्यातला कोरा बूट त्याच्यावर मांडला. "तुम्ही बसवून दाखवा. बसला, तर आत्ता घालते."

मालकांनी कागदाकडे पाहिलं. रेघेच्या त्या फुगवट्याकडे जरा जास्तच वेळ. मग खिशातला फोन काढून त्यात बघू लागले.

"उद्यापासून येऊ नका," ते फोनलाच म्हणाले.

मापबाईंनी बूट परत खोक्यात ठेवला. दोन वर्षं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वीस.

"उद्याचं उद्या. माझी ड्यूटी आठपर्यंत आहे."

उजवा

दार ढकलून एक बाई आत आली. हातात पिशव्या, दिवसभराची थकलेली. समोरच्या स्टुलावर बसायला लागली.

"बसू नका," मापबाई म्हणाल्या. गुडघे टेकून त्यांनी कोरा कागद फरशीवर पसरला आणि तळहाताने त्याची घडी मोडली. "उभ्या राहा जरा."