वालूरला आलेला नेतृत्वाचा पेपर

परभणीच्या एमबीए कॉलेजात औंदा नेतृत्वाचा पेपर लिहायचा नव्हता, करून दाखवायचा होता. खऱ्या माणसांना खऱ्या कामाला लावायचं, मग परीक्षक येऊन त्या माणसांनाच विचारणार. तिथं शिकणाऱ्या वालूरच्या शिवकन्येला वाटलं, चला, एक पेपर तरी आपल्या गावचा निघाला.

वालूरच्या बाया शेळ्या विकायच्या त्या अंदाजानं. व्यापारी पाठीवरून हात फिरवायचा, आणि त्या हातात अशी काही विद्या होती की धष्टपुष्ट बोकड बाईच्या डोळ्यांदेखत मांजराएवढा व्हायचा. शिवकन्येनं घरोघर फिरून बाया गोळा केल्या, वजनकाटा आणला, विकायचं तर सगळ्यांनी मिळून काट्यावरच, असं ठरवलं. पहिल्या बाजाराला व्यापारी रुसून निघून गेले. बाया डगमगल्या, हिनं धरून ठेवल्या. पुढच्या बाजाराला तेच व्यापारी काट्यापुढं उभे. आपलं खरं वजन कळल्यावर बोकडं अशी ऐटीत चालायला लागली की त्यांना दावं लावायचा संकोच वाटावा.

बाप मुंजाजीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "पास झालीस तर पुण्याच्या कंपनीत जा, मी आडवा येणार न्हाई. नापास झालीस तर पाथरीचं स्थळ हाय."

आणि परीक्षक यायच्याच दिवशी त्यानं पाथरीकरांनाही बोलावलं. एका चहात दोन कामं.

साहेब येणार म्हटल्यावर चुलते किशनराव यांनी सत्कार काढला. किशनरावांनी जन्मात शेळीपुढं पाला टाकला नव्हता. फेटा एवढा लांब, की साहेबांच्या डोक्याला बांधायला घेतला तेव्हा त्याचं दुसरं टोक सेलूच्या एसटीतून उतरत होतं. हारातून नुसता चष्मा दिसत होता. किशनराव माइकवर शेळीच्या प्रगतीविषयी बोलत राहिले, आणि चुलतीनं शिवकन्येच्या हातात चहाचा ट्रे दिला. "पाहुणे बघायलेत. ओढणी नीट घे."

साहेब मात्र भला माणूस. हार काढून ते थेट बायांत जाऊन बसले. "तुम्हाला एकत्र कुणी आणलं? व्यापारी रुसले तेव्हा धीर कुणी दिला?"

सगळ्या बायांनी कासाबाईकडं पाहिलं. ती त्यांच्यात थोरली. कासाबाईनं पाथरीकरांकडं पाहिलं, मग शिवकन्येकडं, अगदी मायेनं.

"किशनरावांनी," ती म्हणाली.

"व्हय, किशनरावांनीच," बाकीच्या म्हणाल्या.

किशनराव दचकले. पण क्षणभरच. मग त्यांना सगळं आठवायलाही लागलं.

"साहेब, ते काम मी केलंय," शिवकन्या म्हणाली.

"मग यांनी तुझं नाव का नाही घेतलं, बाळ?" साहेबांचा आवाज मऊ होता. "या पेपरात तुझं म्हणणं मला धरता येत नाही. यांचंच धरावं लागतं. आणि यांच्या म्हणण्यानं तू नापास होतेस."

"शिवे, चहा थंड व्हायलाय," मुंजाजी म्हणाला.

साहेब गेल्यावर कासाबाईनं तिला बाजूला ओढलं. "कसं सांभाळलं मी? पोरगी गावभर फिरली, यापाऱ्यांशी भांडली, असं त्या लोकांपुढं सांगितलं असतं तर उठून गेले असते, माय. लग्नाच्या पोरीचं नाव चारचौघांत कुणी घेतंय का?"

"काकू, पेपर होता तो माझा."

"असंल की. पेपर काय, परत येतो."

कासाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. तिच्यावर रागावायचं कसं, हेही शिवकन्येला जमेना.

पाथरीकरांनी निघताना होकार दिला. पोरगी मधे एकदा बोलली, पण बापानं म्हटल्यावर गप्प बसली, हे त्यांना फार आवडलं. त्यांची जीप गेल्यावर मुंजाजी लेकीसमोर येऊन थांबला. ती काही म्हणेल म्हणून बराच वेळ थांबला. तिला म्हणायचंही होतं. पण म्हटल्यावर "व्हय, खरं हाय" म्हणणारं गावात कोण आहे, हे तिला शोधूनही सापडेना.