बारा वर्षांची हमी

बाबा तिसरा कप ओतत असताना माझ्या खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि घरातील सर्व दिवे मालवले.

"गेला तुझा रेडा," बाबा म्हणाले. किटली त्यांनी डाव्या हाताने तशीच तोलून धरली होती. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवरच असतो. "चहा घे आधी. मेलेलं काही पळून जात नाही."

मी घाईने कप संपविला आणि चमचा त्यात उभा ठेवला. जर्मनीच्या टोकाला असलेल्या आमच्या एम्डन बंदरात 'पुरे' असे तोंडाने कोणी म्हणत नाही. चमचा कपात उभा राहीपर्यंत ओतणारा ओतीतच राहतो. बाबांनी चमच्याकडे पाहिले आणि किटली खाली ठेवली.

खोलीत जळका वास कोंडला होता. बाबा ज्याला रेडा म्हणत त्या माझ्या संगणकाचा पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतील वीज यंत्राला मानवेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा, भस्म झाला होता. वास्तविक एका डब्याचे ते काय दुःख! तथापि माझ्या संध्याकाळी त्याच्यावर चालत. डेन्मार्कातील एस्ब्यर्ग बंदरात राहणारी सिझेल मला एका खेळातच भेटली. आम्ही दोघे त्या खेळातील एका निर्जन बेटावर कित्येक वर्षे वस्ती उभारीत होतो. दोन उन्हाळे मी तिच्याकडे राहूनही आलो. आता तिने तेथील बंदरात माझ्यासाठी काम पाहून ठेवले होते, येथे मी जहाजे आतबाहेर सोडणाऱ्या जलद्वारावर करतो तसलेच. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"तुझा तो पेटारा तिथेच विकून ये," ती म्हणाली होती. "इथे तुझ्यासाठी यंत्र जोडून ठेवलंय. खुर्चीसुद्धा आणलीय."

मी गेल्यावर बाबांसाठी येथील वृद्धाश्रमात खोली मिळत होती. आम्ही ती पाहून आलो तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "बरी आहे. खिडकी आहे."

दुसऱ्या दिवशी मी जळका डबा पिशवीत घालून गेशेच्या दुकानी गेलो. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसत असे. तिने पिशवीत नुसते नाक घातले.

"अरे हार्म, माझं दुकान तू एकट्याच्या जिवावर चालवतोस! हा तिसरा ना?"

"तिसरा."

तिने फळीवरून दोन खोकी काढून समोर मांडली. "हा तुझा लाडका. भिंतीतून शंभर खेचतो, पोचवतो ऐंशी. उरलेले नुसते तापण्यात घालवतो. म्हणून तर त्याचा पंखा दिवसभर बोंबलतो, आणि दोन-तीन वर्षांत जीव सोडतो. हा दुसरा बघ. शंभरातले त्र्याण्णव पोचवतो. तापत नाही, म्हणून टिकतो. बारा वर्षांची हमी. किंमत दुपटीहून जास्त, पण विजेच्या बिलातून परत मिळते. हळूहळू, हं! पहिली चार-पाच वर्षं तो तुझं खातो, पुढे तू त्याचं."

"मला यंत्र विकायचंय गं. स्वस्तातला दे."

"जातोयस?"

"बहुतेक."

गेशे हसली नाही. "पहिल्यांदा डबा नेलास तेव्हा हॅम्बुर्गला निघाला होतास. म्हणालास, थोडे दिवस चालला की झालं. दुसऱ्यांदा, बाबा बरे झाले की निघणार होतास. त्या तीन स्वस्तांच्या पैशात हा एक कधीच आला असता. राग नको मानूस, पण खरं सांग, किती वर्षांसाठी हवाय?"

प्रश्न दुकानदारणीचा होता आणि साधा होता. परंतु मला तेथे उभ्या उभ्या असे प्रतीत झाले की, दूरचा लाभ त्यालाच मिळतो जो जागचा हलत नाही. आणि मी तर हलणारा म्हणून खर्च करीत आलो होतो व न हलणारा म्हणून जगत आलो होतो.

मी 'स्वस्तातला' म्हणण्यासाठी तोंड उघडले. त्याच क्षणी मला बाबांचा किटली तोलणारा डावा हात आठवला. वृद्धाश्रमात चहा मोठ्या थर्मासातून येतो, साखर आधीच ढवळलेली. ओतण्यासारखे तेथे काही नव्हते.

"बारावाला दे," मी म्हणालो.

गेशेने खोके बांधले. एरवी ती काहीतरी टोमणा मारल्यावाचून राहात नाही. "पावती जपून ठेव," एवढेच म्हणाली.

घरी येऊन डबा बसविला. नेहमीप्रमाणे बाबा काठी टेकीत आले आणि टेबलामागच्या आपल्या खुर्चीत बसून त्यांनी पाय यंत्राच्या मागच्या झरोक्याशी नेले. संध्याकाळी ते तेथेच पाय शेकत.

"चालू आहे का रे हे?"

"चालू आहे."

"मग गार कसं?"

"हा वीज वाया घालवत नाही, बाबा."

"म्हणजे इतके दिवस माझे पाय वायाच तापले म्हण की!" ते हसले. मग म्हणाले, "टिकेल किती?"

"बारा वर्षांची हमी आहे."

बाबा आपल्या सपातांकडे पाहात राहिले. "चहा टाकतो," म्हणाले आणि उठले.

मी कानांवर हेडफोन चढविला. खेळातील आमच्या बेटाच्या धक्क्यावर सिझेलची बाहुली हातात फळी घेऊन उभी होती.

"आज तुझ्या मागचा घूंघूं आवाज कुठे गेला?"

"डबा जळाला. नवीन घातला."

"विकायच्या यंत्राला? साधाच घेतलास ना?"

मी डब्याचे नाव सांगितले. सिझेल स्वतःची यंत्रे स्वतः जोडते; तिला अधिक काही सांगावे लागत नाही. पडद्यावरची बाहुली फळी घेऊन तशीच उभी राहिली.

"तो बारा वर्षांचा असतो," ती म्हणाली.

"हो."

पूर्वी अशा वेळी निदान पंखा तरी बोलत असे. आता स्वयंपाकघरातून बाबांनी बशा मांडल्याचे ऐकू आले.

"मग ती खुर्ची मीच वापरते," सिझेल म्हणाली.

मी हेडफोन उतरवून स्वयंपाकघरात जाऊन बसलो तेव्हा बाबांनी पहिला कप ओतला. कपाच्या तळाची खडीसाखर गरम चहाने तडकली. दुसरा झाला, तिसरा झाला. थोडा चहा बशीत सांडला. तरी त्यांनी पुन्हा किटली उचलली, आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्याकडे न येता माझ्या हातातल्या चमच्यावर येऊन थांबली.

मला खरोखर आणखी नको होता. मी चमचा बशीत आडवा ठेवला आणि कप पुढे केला.